गांवाचा विकास आणि गांवाची मालकी
(नभोवाणीवरील भाषण)

पुण्याच्या नैर्ऋत्येस, राजगडाच्या पायथ्याशीं, पाली नांवाचें एक लहान गांव आहे. गडाच्या एका दरवाजाला याच गांवाचें नांव आहे. रुंद पायऱ्यांचा तो पाली दरवाजा आपल्यापैकीं अनेकांनीं चढून पाहिला असेल. सुमारें पंचवीस वर्षें राजगड शिवछत्रपतींची राजधानी होता. पुढें राजधानी रायगडास गेली, आणि भोर व वेल्हें या भागांतील मावळखोरीं हळूहळू मागें पडलीं. राजगड व तोरणा हे गड ज्या भोर संस्थानांत होते तें संस्थान १९४८ सालीं विलीन होऊन हा मुलूख पुणें जिल्ह्यांत आला. येथें पावसाळ्यांत मुसळधार पाऊस कोसळतो, खाचरांतून भाताचें पीक डोलतें, आणि उन्हाळा लागला कीं या डोंगरी भागांतील कित्येक वाड्यांवर बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण करावी लागते. शेतें लहान आणि पीक बहुधा एकच; म्हणून घरटीं एखादा माणूस मुंबईस किंवा पुण्यास चाकरीला, हा या खोऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे.

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत मराठ्यांच्या बारा दुर्गांची नोंद युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत केली. त्या बारांत राजगड आहे. आतां गडावर पूर्वीपेक्षां अधिक माणसें येतील; त्यांच्या मागोमाग रस्ते, वाहनतळ, खानावळी, मुक्कामाच्या सोयी येतील; आणि या सगळ्याबरोबर पैसा येईल. श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचा विषय एका साध्या प्रश्नांत सांगतां येईल. पालीसारख्या गांवांत पैसा आला, तर तो गांवांत राहील काय? आणि राहिला, तर गांवांतील कोणाच्या घरीं राहील?

गांवाचा आर्थिक विकास व्हावा म्हणून सरकारनें जें जें करावयाचें त्याला आपण विकासाचें धोरण म्हणतों. रस्ता बांधणें, विहीर खणणें, कर्ज देणें, काम देणें, हीं सर्व त्या धोरणाचीं अंगें होत. अलीकडे याच्या पुढची एक कल्पना जगभर बोलली जात आहे. तिला सामाजिक अर्थव्यवस्था असें नांव आहे. नांव जड असलें तरी कल्पना ओळखीची आहे. ज्या उद्योगाचे मालक त्यांत काम करणारे किंवा त्याचा उपयोग करणारे लोकच असतात, जेथें मत भांडवलावर मोजलें जात नसून माणशीं एक असें असतें, आणि जेथील शिल्लक कोणा एकाच्या खिशांत न जातां सभासदांच्या किंवा समाजाच्या कामीं येते, तो उद्योग या अर्थव्यवस्थेंत मोडतो. सहकारी सोसायट्या, बचत गट, कामगारांच्या मालकीच्या संस्था, परस्पर साहाय्याचे निधि हीं त्याचीं रूपें. ती सरकारी खात्याची शाखा नव्हे आणि खाजगी पेढीहि नव्हे.

या दोन कल्पनांमधील वाट आपल्या महाराष्ट्रानें सुमारें दीडशें वर्षें तुडविली आहे. ती कशी, हें थोडक्यांत पाहूं.

१८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे व वह्या जाळल्या. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत चढलेला कापसाचा भाव युद्ध संपतांच कोसळला होता, सारा मात्र वाढला होता, आणि शेतकऱ्याची जमीन कज्जेदलालीच्या मार्गानें सावकाराकडे चालली होती. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. त्या कायद्यानें न्यायाधीशाला कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. सावकाराचे हात कांहींसे बांधले गेले; परंतु बियाण्याला व बैलाला लागणारा पैसा दुसरीकडून कोठून आणावयाचा, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

तें उत्तर शोधण्यासाठीं सरकारची दृष्टि जर्मनीकडे वळली. तेथें रायफायझेन नांवाच्या गृहस्थानें १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी काढली होती. एकट्या शेतकऱ्याला जामीन कोणी राहत नाहीं, पण सारा गांव एकमेकांना जामीन राहिला तर पत उभी राहते, हें तिचें तत्त्व. या धर्तीवर हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९११ सालीं मुंबईस प्रांतिक सहकारी बँक निघाली. परंतु जर्मनींत लोकांनीं काढलेली संस्था येथें सरकारनें काढली, हा भेद लहान नव्हता. निबंधक सरकारचा, नियम सरकारचे, तपासणी सरकारची; म्हणून गांवकरी त्या पेढीला आपली न मानतां सरकारी मानीत राहिला. शिवाय कर्ज मिळावयाचें तें जमिनीच्या तारणावर. ज्याला जमीन नाहीं त्याला पत नाहीं, हा जुना नियम नव्या संस्थेंतहि कायम राहिला.

परिणाम काय झाला तें स्वातंत्र्यानंतर कळून आलें. गोरवाला समितीनें १९५१-५२ सालच्या ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी करून १९५४ सालीं अहवाल दिला. शेतकऱ्यांनीं काढलेल्या कर्जापैकीं सहकारी संस्थांनीं दिलेलें कर्ज सुमारें ३ टक्के आणि सावकारांनीं दिलेलें सुमारें ७० टक्के, असें त्यांत आढळलें. पन्नास वर्षांच्या खटपटीचें हें फळ पाहून निराशा वाटावी हें साहजिक होतें. परंतु त्याच समितीचे एक सभासद प्रा. धनंजयराव गाडगीळ हे त्या सुमारास प्रवरेच्या कांठीं एका निराळ्या प्रयोगांत गुंतलेले होते.

त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांना एकत्र करून साखर कारखाना उभारला आणि १९५० सालच्या सुमारास तो सुरू झाला. गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारमहर्षींचें पाठबळ त्यास होतें. आजवर शेतकरी ऊस विकीत असे आणि साखरेचा नफा दुसऱ्याचा होई. आतां कारखानाच शेतकऱ्याचा झाल्यामुळें उसाचा भाव आणि साखरेचा नफा हीं दोन्ही त्याच्याच घरीं येऊं लागलीं. यांतली खरी नवलाई कर्जांत नव्हती, मालकींत होती. उसाच्या बिलांतून थोडी रक्कम बाजूला काढून तिच्यांतून शाळा, रस्ते, दवाखाने झाले. विकासाच्या धोरणानें जें अर्ध्या शतकांत साधलें नव्हतें तें मालकी बदलल्यानें कांहीं वर्षांत साधलें.

तथापि याहि प्रयोगाची एक मर्यादा लवकरच दिसून आली. कारखान्याचा सभासद कोण? तर ज्याला पाणी आहे व जो ऊस लावूं शकतो तो. ऊसतोडणीस येणारा मजूर सभासद नाहीं, कोरडवाहू शेतकरी सभासद नाहीं. पुढें अनेक ठिकाणीं संचालकांची गादी वंशपरंपरा होऊं लागली आणि कित्येक कारखाने आजारीहि पडले. आणि पालीसारख्या उताराच्या खाचरांतून भात पिकविणाऱ्या गांवाला तर या साखरेच्या वैभवाचा स्पर्शहि होण्याचें कारण नव्हतें. सहकार आला, पण तो जेथें पाटाचें पाणी होतें तेथें आला. डोंगर चढून वर गेला नाहीं.

याच काळांत सरकारचा दुसरा प्रयत्न चालूं होता. १९५२ सालच्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली. गांवोगांव ग्रामसेवक आले. सुधारलेलें बियाणें, खतें, विहिरी, शाळांच्या इमारती यांची उद्दिष्टें वरून ठरून येऊं लागलीं. पांच वर्षांनीं बलवंतराय मेहता समितीनें या योजनेची तपासणी केली तेव्हां काम झालें पण लोक त्यांत आले नाहींत, असा तिचा एकंदर अभिप्राय पडला. त्यांतूनच पंचायत राज्याची कल्पना पुढें आली आणि महाराष्ट्रांत १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. लोकांना मत मिळालें. परंतु त्यांच्या हातीं उत्पन्नाचें साधन आलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

त्यानंतरची गोष्ट आपणां शहरवासीयांच्या जवळची आहे. १९७२ सालच्या भयंकर दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें खडी फोडण्याच्या व मातीच्या कामांवर आलीं. वि. स. पागे यांनीं त्यापूर्वींच मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळांत कसास लागली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घालून घेतलें. यासाठीं लागणारा पैसा उभा करण्याकरितां १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. आपल्या पगारपत्रकांत दरमहा जी लहानशी कपात दिसते तिचा उगम हा आहे. २००५ सालीं देशभर जो रोजगाराचा कायदा झाला त्याची प्रेरणाहि महाराष्ट्राच्या याच योजनेंत होती.

या योजनेनें माणसें जगलीं, हें निर्विवाद आहे. परंतु एका गोष्टीकडे तेव्हां अनेक विचारी माणसांचें लक्ष वेधलें. समजा, एका गांवांत पाझर तलावाचें काम निघालें. भूमिहीन बायका-पुरुषांनीं उन्हांत माती वाहिली, तलाव पुरा झाला, मजुरी चुकती झाली. पुढें पावसाळ्यांत तलाव भरला. पाणी कोणाचें झालें? तलावाच्या खालच्या अंगाला ज्याची जमीन व विहीर, त्याचें. ज्यांनीं तो खणला ते दुसऱ्या तलावाच्या शोधांत दुसऱ्या गांवीं गेले. मजुरी एकदांच मिळते. साधन वर्षानुवर्षें देत राहतें. म्हणून विकासाचें काम कोणी केलें एवढेंच विचारून भागत नाहीं. तें पुरें झाल्यावर कोणाच्या मालकीचें होतें, हेंहि विचारावें लागतें. माझ्या मतें, विकासाच्या धोरणांतून सामाजिक अर्थव्यवस्थेची वाट नेमकी या ठिकाणीं फुटते.

हा प्रश्न ज्या माणसानें पाण्याच्या बाबतींत सरळ हातीं घेतला तो भोरच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यांत. पुण्याचे इंजिनियर व कारखानदार विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळांत पुरंदरमध्यें हिंडले. नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर उजाड जमीन त्यांनीं भाडेपट्ट्यानें घेतली, तेथें बांध घालून पाणी अडविलें, आणि १९७४ सालीं ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापिलें. त्यांतून पुढें पाणी पंचायत निघाली. तिचे नियम मी मुद्दाम सविस्तर सांगतों, कारण सामाजिक अर्थव्यवस्था म्हणजे काय हें एखाद्या मोठ्या ग्रंथापेक्षां या चार-पांच नियमांवरून अधिक चांगलें कळतें.

पहिला नियम : उपसा सिंचनाची योजना एकट्यासाठीं होणार नाहीं, गटासाठींच होईल. दुसरा नियम : पाणी जमिनीच्या प्रमाणांत मिळणार नाहीं, माणसांच्या प्रमाणांत मिळेल. माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें, आणि कुटुंबाला जास्तींत जास्त अडीच एकरांचें. ज्याची जमीन वीस एकर आहे त्यालाहि तेवढेंच. तिसरा नियम : पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाहीं, जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाहीं, तें गटाकडे परत येतें. चौथा नियम : भूमिहीनालाहि पाण्यांत वाटा आहे, तो दुसऱ्याच्या जमिनींत वाट्यानें शेती करून आपलें पाणी वापरूं शकतो. पांचवा नियम : ऊस लावावयाचा नाहीं, कारण एकाच्या उसाला लागणारें पाणी कितीतरी जणांच्या ज्वारी-भाजीपाल्याला पुरतें. योजनेच्या खर्चापैकीं सुमारें ५० टक्के सरकारी अनुदान, ३० टक्के प्रतिष्ठानचें बिनव्याजी कर्ज, आणि उरलेले २० टक्के शेतकऱ्यांनीं स्वतः घालावयाचे. पाणी सोडण्यासाठीं गटानेंच पाटकरी नेमावयाचा आणि त्याचा पगार गटानेंच द्यावयाचा.

यांत सरकार आहे, तें बाहेर घालविलेलें नाहीं. अर्धा पैसा त्याचा आहे. परंतु पैसा सरकारचा असला तरी साधन गटाचें झालें आहे, आणि वांटणीचा न्याय गटानें स्वतः ठरविला आहे. शेतकऱ्यांचे २० टक्के हीहि महत्त्वाची गोष्ट आहे. ज्या कामांत स्वतःचे चार पैसे अडकले त्याच्या पंपाकडे माणूस रात्रीं उठून पाहतो. फुकट मिळालेल्या पंपाकडे पाहण्यास तो तालुक्याच्या साहेबाची वाट पाहतो. अर्थात् पाणी पंचायत सर्व महाराष्ट्राची रीत झाली नाहीं. जमीनवाल्याला आपला अधिक हक्क सोडणें जड जातें, आणि कायदाहि बहुतांशीं जमिनीच्या मालकाच्याच बाजूचा असतो. परंतु न्याय्य वांटणी व्यवहारांत बसते, एवढें तिनें सिद्ध केलें. गुंजवणीवर धरण होऊन त्याचें पाणी वेल्हें, भोर व पुरंदर या तालुक्यांसाठीं योजिलें गेलें आहे; म्हणून पाणी कोणत्या हिशेबानें वांटावें हा नायगांवचा प्रश्न राजगडच्या खोऱ्यालाहि परका नाहीं.

पाण्यानंतर पत. ज्याला जमीन नाहीं त्याला पत नाहीं, असें मघाशीं म्हटलें. खेड्यांतील स्त्रीच्या नांवावर तर जमीन क्वचित्‌च असते. तिची पत उभी करण्याचा मार्ग बचत गटांनीं काढला. महाराष्ट्र सरकारनें महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालीं स्थापिलें; १९९२ सालीं नाबार्डनें बचत गट बँकेशीं जोडण्याचा प्रयोग सुरू केला; आणि २०११ सालीं राज्यांत जीवनोन्नति अभियान आलें, त्यालाच लोक उमेद म्हणून ओळखतात. वेल्ह्याच्या खोऱ्यांत पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनें, जी १९६२ सालीं स्थापन झाली, दीर्घ काळ ग्रामीण काम केलें आहे आणि स्त्रियांचे बचत गट हें त्या कामाचें एक मोठें अंग आहे.

गटाचा हिशेब अगदीं सोपा आहे. वीस बायकांनीं दरमहा शंभर रुपये टाकले तर महिन्याला दोन हजार आणि वर्षाला चोवीस हजार रुपये जमतात. त्यांतून एखादीनें मुलाच्या आजारपणासाठीं पांच हजार उचलले आणि गटानें ठरविलेलें व्याज महिना दोन टक्के असलें, तर पहिल्या महिन्याला ती शंभर रुपये व्याज देते. सावकाराकडे महिना पांच टक्क्यांनीं तिला अडीचशें द्यावे लागले असते. पण दीडशें रुपये वांचले एवढाच यांतला लाभ नव्हे. ते शंभर रुपये जातात कोठें, हें पाहा. ते तिच्याच गटाच्या पेटींत जातात आणि वर्षाअखेर त्यांत तिचाहि वाटा असतो. सावकाराला दिलेलें व्याज गांवाबाहेर जातें. गटाला दिलेलें व्याज गांवांत फिरत राहतें.

या गटांनाहि धोका आहे, आणि तो शब्दांच्या गौरवांत झांकून ठेवणें बरें नाहीं. वरून उद्दिष्ट येतें कीं अमुक महिन्यांत अमुक गट झाले पाहिजेत. मग गट कागदावर होतात. शाळेंतील पोषण आहार गटाकडे, स्वच्छता गटाकडे, सरकारी कार्यक्रमाला गर्दी जमविणें गटाकडे. आणि मोबदला अल्प किंवा मुळींच नाहीं. जें काम सरकारनें पगार देऊन करवून घ्यावयाचें तें समाजाच्या नांवाखालीं बायकांच्या फुकट श्रमांवर ढकलणें म्हणजे सामाजिक अर्थव्यवस्था नव्हे. तें जुनेंच शोषण नव्या लुगड्यांत होय.

खेड्यांतील उदाहरणें ऐकून आपल्याला वाटेल कीं हा विषय खेड्यापुरताच आहे. तसें नाहीं. पुण्यांत आपल्या दाराशीं कचरा घेण्यास जी बाई येते तिची गोष्ट ऐका. १९९३ सालीं कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत पुण्यांत स्थापन झाली. उकिरड्यावर वेंचणाऱ्या बायकांनीं प्रथम ओळखपत्रें मिळविलीं, म्हणजे आपण चोर नसून कामगार आहों हें महानगरपालिकेकडून मान्य करून घेतलें. पुढें २००८ सालीं त्यांनीं स्वच्छ नांवाची स्वतःची सहकारी संस्था काढून महानगरपालिकेशीं करार केला. घरोघर कचरा उचलावयाचा, घरवाल्यांनीं त्याचा ठराविक आकार द्यावयाचा, आणि विकतां येण्याजोग्या भंगारावर हक्क वेंचणारीचा. शहराची स्वच्छता ही महानगरपालिकेच्या धोरणाची बाब. पण ती करणाऱ्या संस्थेची मालकी काम करणाऱ्यांची. तेव्हां महिन्याचा आकार देण्यास आपण कुरकुर करतों त्या वेळीं आपण कोणाच्या संस्थेचें गणित बिघडवितों, हें ध्यानांत असूं द्यावें.

आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनीं झालेल्या या वाटचालीचें एकसंध रूप पाहावयाचें तर कॅनडांतील क्वेबेक प्रांताकडे पाहावें. १९८० नंतरच्या दशकांत माँट्रियल शहरांतील कारखाने बंद पडून कामगारवस्त्या ओसाड होऊं लागल्या. तेव्हां वस्तीवस्तींतून स्थानिक विकासाचीं मंडळें निघालीं. आरंभीं त्यांचें काम विकासाच्या धोरणाचेंच होतें : बेकारांना शिक्षण द्या, लहान धंद्यांना मदत द्या. १९९५ सालीं तेथील स्त्रियांनीं दारिद्र्याविरुद्ध मोठा मोर्चा काढला. १९९६ सालीं सरकार, उद्योगपति, कामगार संघ व लोकसंघटना यांची परिषद भरली आणि तिच्यांत सामाजिक अर्थव्यवस्था हा प्रांताच्या आर्थिक धोरणाचा एक विषय म्हणून स्वीकारला गेला. बालसंगोपनगृहें, वृद्धांची घरगुती सेवा, घरबांधणी अशा कामांत लोकांच्या मालकीच्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांना भांडवल पुरविणारे निधि निघाले, आणि २०१३ सालीं त्याचा स्वतंत्र कायदाहि झाला. २०२३ सालच्या एप्रिलमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें सामाजिक व ऐक्याधिष्ठित अर्थव्यवस्थेस उत्तेजन देणारा ठराव संमत केला.

क्वेबेकच्या इतिहासांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं वस्तीवस्तींतील लहान कामें आधीं झालीं, त्यांचे संघ नंतर झाले, आणि धोरण व कायदा सर्वांत शेवटीं आला. आपल्याकडे १९०४ सालीं कायदा आधीं आला आणि लोकांना पाठीमागून बोलाविण्यांत आलें. आपल्या सहकाराच्या अनेक दुखण्यांचें मूळ या उलट्या क्रमांत आहे, असें मला वाटतें. उलटपक्षीं, सरकारनें मुळींच हात देऊं नये असेंहि क्वेबेक सांगत नाहीं. लोकांनीं रोप लावलें तरी कुंपण घालण्यास व पहिल्या दोन उन्हाळ्यांचें पाणी घालण्यास सार्वजनिक पैसा लागतोच.

आतां पुन्हां पालीकडे वळूं. राजगडाच्या पायथ्याच्या गांवांपुढें आज दोन वाटा आहेत. एक वाट आपण पुणें जिल्ह्यांत अनेक ठिकाणीं पाहिली आहे. शहरांतील ज्यांच्याजवळ चार पैसे शिल्लक आहेत ते, आणि त्यांत आपल्यापैकींहि कांहीं असतील, डोंगराच्या कुशींत जमिनीचा तुकडा घेतात. विकणाऱ्याला एकरकमी पैसा मिळतो. तो घराच्या बांधकामांत, लग्नांत, मोटारसायकलींत कांहीं वर्षांत संपतो. आणि मग तोच गृहस्थ आपल्याच जुन्या खाचरावर उभ्या राहिलेल्या बंगल्याची राखण करण्यास पगारावर राहतो. गांवाची उलाढाल वाढते, रस्ता रुंद होतो, विकासाच्या कोष्टकांत सर्व आंकडे वर जातात, आणि गांवकरी आपल्या गांवांत पाहुणा होतो.

दुसरी वाट कष्टाची आहे, पण अशक्य नाहीं. वाहनतळ गांवाच्या जागेंत आणि त्याचें उत्पन्न गांवाच्या निधींत. खानावळ बचत गटाची. मुक्कामाची सोय घरोघर, पण पाहुण्यांची वांटणी पाळीपाळीनें, म्हणजे रस्त्यालगतच्या चार घरांनींच सर्व लाभ उचलूं नये. गडवाटेचे वाटाडे गांवचेच आणि त्यांचा दर ठरलेला. भाताची गोष्टहि तशीच. आंबेमोहोर व इंद्रायणी यांचा सुगंध पुण्याच्या स्वयंपाकघरांत दरवळतो. परंतु शेतकरी भात विकतो आणि तांदळाची किंमत सडणाराला व दुकानदाराला मिळते. प्रवरेच्या शेतकऱ्यानें उसाचें जें केलें तें मावळच्या शेतकऱ्यानें भाताचें कां करूं नये? २००२ सालच्या दुरुस्तीपासून शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढण्याची सोय कायद्यानें झाली आहे. लहानशी गिरणी व आपल्या नांवाची पिशवी एवढ्यापासून आरंभ होऊं शकतो. हें सर्व करीत असतां ज्याला खाचर नाहीं व रस्त्यालगत घरहि नाहीं त्याचा वाटा काय, हा नायगांवचा चौथा नियम मात्र विसरतां कामा नये. तो विसरला कीं गांवाची मालकी म्हणतां म्हणतां ती गांवांतील चार घरांची मालकी होते.

विकासाची कोणतीहि योजना कानावर आली कीं तिला तीन प्रश्न विचारावे. जें उभें राहणार तें कोणाच्या मालकीचें? शिल्लक राहील ती कोठें जाणार? आणि तिच्या सभेंत सर्वांत गरीब माणसाला, विशेषतः बाईला, नाहीं म्हणण्याची सोय आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कागदपत्रांतून मिळतात. तिसऱ्याचें उत्तर मिळण्यासाठीं सभेंत जाऊन बसावें लागतें. आणि अनुभव असा कीं जेथें तिसऱ्याचें उत्तर नकारार्थी येतें तेथें पहिल्या दोहोंचीं चांगलीं उत्तरेंहि फार दिवस टिकत नाहींत.

हे प्रश्न केवळ सरकारी अधिकाऱ्यांनीं किंवा गांवकऱ्यांनींच विचारावयाचे असें नाहीं. पुढच्या पावसाळ्यानंतर आपण मुलांना घेऊन पाली दरवाजाच्या वाटेनें गडावर जाल. गाडी उभी करतांना, भाकरी खातांना, परततांना एखादी तांदळाची पिशवी घेतांना आपण जो पैसा द्याल त्याच्या वाटेची चौकशी आपणहि करूं शकतां. ही खानावळ कोणाची, एवढें विचारण्यास कांहीं खर्च येत नाहीं. आणि पायथ्याशीं विकाऊ जमिनीची पाटी दिसली, तर ती वाचून क्षणभर थांबावें, आणि त्या खाचराचा धनी पुढच्या वर्षीं कोठें असेल याचा विचार मनांत आणावा, इतकीच माझी विनंती आहे.